वाळवंटातील कीटकसृष्टी : कोण कोणास खातो?

शेतात दिसणाऱ्या प्रत्येक लहान जिवास 'कीड' म्हणण्याची आपणांस सवय जडली आहे. वस्तुतः कीटक आणि कीड हे आपल्या भाषेतील दोन निराळे शब्द आहेत. कीटक हे प्राण्याच्या वर्गाचे नाव होय. कीड हे त्याच्या वागणुकीस, आणि तेही माणसाच्या नफानुकसानीच्या दृष्टीने, दिलेले नाव होय. एकच कीटक आयुष्याच्या एका अवस्थेत कीड असतो आणि दुसऱ्या अवस्थेत शेतकऱ्याचा मदतनीस असतो, अशीही उदाहरणे आहेत. बाजरीवरील हिंगे हे त्यांपैकी सर्वांत बोलके उदाहरण असून त्याचा विचार पुढे येणारच आहे.

ही नाती नीट समजून घ्यावयाची असतील तर बागायती मुलखापेक्षा वाळवंटाकडे पाहणे अधिक सोयीचे पडते. तेथे झाडे विरळ, पाऊस तुटपुंजा आणि अन्न मोजके. त्यामुळे कोण कोणावर जगतो हे लवकर ध्यानात येते. या लेखात मुख्यतः राजस्थानातील थरच्या वाळवंटाचे उदाहरण घेतले आहे. महाराष्ट्रातील वाचकास ते दूरचे वाटेल. परंतु मे २०२० च्या अखेरीस त्याच बाजूने निघालेल्या टोळधाडी मध्य प्रदेश ओलांडून अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत उतरल्या होत्या. हे टोळ तेथे एवढे होतातच कसे, आणि त्यांस खाणारे कोणी नाही काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर टोळाच्या एकट्याच्या अभ्यासाने मिळत नाही. टोळ ज्या वस्तीत राहतो ती सगळी वस्ती पाहावी लागते.

ओसाड दिसणारी वस्ती

थरचे वाळवंट अरवली पर्वताच्या पश्चिमेस सुरू होऊन सिंधपर्यंत पसरले आहे. पूर्व कडेस वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडे तो कमी होत होत १०० मिलिमीटरपर्यंत येतो, आणि तोही बहुतांशी जुलै ते सप्टेंबरमधील थोड्या सरींत. या प्रदेशाच्या शेतीचा अभ्यास जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था १९५९ पासून करीत आहे. बाजरी, मटकी, गवार, मूग व तीळ ही तेथील मुख्य पावसाळी पिके. शेताच्या मधोमध खेजडीची झाडे राखलेली असतात. ही खेजडी म्हणजे आपण दसऱ्यास जिची पूजा करतो ती शमीच होय. भर उन्हाळ्यात, इतर झाडाझुडपांवर काही नसताना, खेजडी फुलावर येते आणि फुलोरी जातीच्या लहान मधमाश्या त्या काळात तिच्यावर पोट भरतात. याखेरीज बोर, केर, रुई आणि सेवण नावाचे बहुवर्षायू गवत ही त्या मुलखाची ठळक वनस्पती.

रुईचे उदाहरण आपल्याकडील बांधावरही पाहता येईल. तिचा चीक विषारी असल्याने गुरे तिला तोंड लावीत नाहीत. परंतु पिवळ्या व निळसर पट्ट्यांचा एक मोठा, सुस्त नाकतोडा नेमका तिच्यावरच राहतो. चिकातील विष तो अंगात साठवितो, आणि त्याच्या पिल्लास डिवचले असता ते विषारी द्रवाची चिळकांडी उडविते. पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. त्याचे भडक रंग हीच त्यांस मिळालेली सूचना असते.

वाळवंटात जीव कमी असावेत हा सर्वसाधारण समज होय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्याच्या वालुकामय भागाचा गॅरी पोलिस या प्राणिशास्त्रज्ञाने दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला. तेथे वनस्पतींच्या १७४, पृष्ठवंशीय प्राण्यांच्या १३८ आणि विंचू-कोळी वर्गाच्या ५५ हून अधिक जाती आढळल्या. कीटकांच्या जातींचा अंदाज दोन ते तीन हजार असा होता. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, शाळेच्या पुस्तकातील गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार ही सरळ साखळी त्यांस कोठेही नीट लागू पडेना. विंचू भुंगेऱ्यास खातो, कोळ्यास खातो, दुसऱ्या विंचवास खातो आणि प्रसंगी स्वजातीच्या पिल्लासही सोडीत नाही. ज्या कोळ्यास मोठा विंचू खातो तोच कोळी लहान विंचवास खातो. तेव्हा अन्नसाखळी या शब्दापेक्षा अन्नजाळे हा शब्द येथे अधिक योग्य ठरतो.

मेलेले अन्न आणि ते खाणारे

या जाळ्याचा पाया हिरव्या पानावर जेवढा आहे त्याहून अधिक वाळलेल्या काडीकचऱ्यावर आहे. ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. वाळवंटात हिरवळ थोडे दिवस टिकते; मात्र वाळलेले गवत, पाने, काटक्या, शेण व लेंड्या वर्षभर पडून असतात. आपल्याकडे पावसाळ्यात हा पदार्थ बुरशी व सूक्ष्म जंतू कुजवितात. वाळवंटात त्यांना लागणारी ओल वर्षातील बहुतेक महिने नसते. हे काम मग वाळवीकडे, म्हणजेच उधईकडे येते.

वाळवी उघड्यावर काम करीत नाही. खोल थरातून ती ओल वर आणते, मातीची नळी बांधते आणि त्या नळीच्या आडोशाने वाळलेल्या काडीपर्यंत पोचते. तिच्या काही जाती वारुळात बुरशीची लागवड करून तीवर उपजीविका करतात. थरमधील एक जात गवताच्या काड्या कापून बिळात नेते. गांडुळास जगता येणार नाही अशा जमिनीत पोकळ्या पाडण्याचे आणि सेंद्रिय द्रव्य खाली नेण्याचे काम हीच करते. अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवरील चिवावा वाळवंटात काही वाफ्यांतून वाळवी नाहीशी करून पाहण्यात आली. त्या वाफ्यांत पावसाचे पाणी मुरण्याचे प्रमाण घटले व वाहून जाणारे पाणी वाढले, असे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दिसून आले.

पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी याच गुणाचा मोठा चतुराईने उपयोग करून घेतला आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेस बुर्किना फासो हा देश आहे. तेथील याटेंगा भागात १९८० नंतरच्या दशकात, दुष्काळाने दगडासारख्या झालेल्या जमिनीत, शेतकऱ्यांनी उन्हाळ्यातच वीतभर रुंदीचे खड्डे खणून त्यांत शेणखत व काडीकचरा टाकण्यास सुरुवात केली. ही तेथील जुनीच रीत असून तिला 'झाई' म्हणतात. याकुबा सावाडोगो या शेतकऱ्याने तिच्यात सुधारणा करून तिचा प्रसार केला आणि पुढे त्यांचे नाव जगभर झाले. खतामुळे वाळवी खड्ड्याकडे येते, तळाशी बोगदे पोखरते, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या बोगद्यांतून खोल मुरते. त्याच खड्ड्यात मग ज्वारी वा बाजरी टोकली जाते. नांगराने जे काम झाले नसते ते तेथे वाळवीकडून फुकट करून घेतले जाते.

वाळवी निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. गहू, भुईमूग, ऊस आणि नवीन लावलेली रोपे यांचे ती नुकसान करते, हे सांगावयास नको. परंतु ती मुळात मेलेल्या पदार्थावर जगणारी आहे. शेत अगदी झाडून स्वच्छ केले, धसकटे व पाचोळा जाळून टाकला, की तिच्यापुढे उभ्या पिकाखेरीज काही उरत नाही. पाचोळा जाळणे आणि मग वाळवीसाठी औषध आणणे हे दोन्ही खर्च एकाच शेतात चालू असलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात.

वाळवीच्या जोडीस इतरही मंडळी आहेत. पाठीवरचे कठीण पंख एकमेकांस जुळलेले असल्याने उडू न शकणारे, पण त्यामुळेच अंगातील ओलावा टिकवून धरणारे काळे भुंगेरे दिवसा वाळूत दडून राहतात आणि रात्री वाऱ्याने साचविलेला कचरा खात फिरतात. शेणकिडे शेणाच्या गोळ्या जमिनीत पुरतात. मुंग्यांच्या काही जाती गवताचे बी गोळा करून कोठार भरतात; लांब पायांची एक मुंगी मात्र भर दुपारी, इतर सर्व प्राणी बिळात असताना, उन्हाने मेलेले किडे उचलण्यासाठी धावत बाहेर पडते. भुसभुशीत वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी दबा धरून बसणारी अळी आपल्याकडील मुलांनीही देवळाच्या ओसरीजवळ पाहिलेली असते. ती या मुंग्यांवर जगते.

या सर्वांवर पुढे कोण जगते? पाली व सरडे जगतात. अंगावर काटे असलेला, तिकडे ज्यास झाऊ चुहा म्हणतात तो प्राणी रात्रभर भुंगेरे शोधीत असतो. वाळवंटी खोकड उंदरांबरोबर किडेही खातो. बियांवर जगणारे वाळवंटी उंदीरसुद्धा हंगामाप्रमाणे किडे खातात. सांडा हा मोठा सरडा गवतपाल्यावर जगतो खरा. परंतु त्याची पिल्ले किडेही खातात, आणि सांड्यावर गरुड, ससाणे व खोकड यांचा डोळा असतो. माळढोक पक्षी, जो आपल्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर एके काळी सहज दिसत असे आणि आता देशात अगदी थोडा उरला आहे, तो नाकतोडे, भुंगेरे व हिंगे मोठ्या प्रमाणात खातो. काडीकचरा गरुडाच्या पोटापर्यंत पोचतो तो वाळवीच्या व भुंगेऱ्याच्या मार्फत. मधला हा दुवा काढला तर वरचे सगळे उपाशी राहतात. हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. त्याचा प्रत्यक्ष पुरावा पुढे दिला आहे.

पहिल्या पावसानंतर

आठ-नऊ महिने हे जग दबून असते. बी जमिनीत असते, अंडी जमिनीत असतात, कोश जमिनीत असतात. पहिला चांगला पाऊस झाला की सर्व एकदम बाहेर येते. संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळवीचे थवे उडतात. हुमणीचे भुंगेरे अंधार पडताच जमिनीतून निघून खेजडी, बोर व कडुनिंब यांच्या झाडांवर पाल्यासाठी जमतात. आपल्याकडे ते कडुनिंब व बाभूळ यांवर जमतात आणि याच वेळी झाडे हलवून ते गोळा करावयाचे असतात, हे वाचकांस ठाऊक आहेच.

त्याच सुमारास मखमलीसारखा लालभडक मृगाचा किडा दिसू लागतो. राजस्थानात त्यास सावन की डोकरी म्हणतात. त्यास आठ पाय असतात. म्हणून शास्त्रीय दृष्ट्या तो कीटक नसून कोळ्यांच्या वर्गातील आहे. मुले त्यास काडेपेटीत ठेवतात, मोठी माणसे पावसाचे शुभचिन्ह मानतात; तो नेमक्या याच वेळी का वर येतो याचा विचार मात्र थोडेच लोक करतात. पंख गळून जमिनीवर पडलेली वाळवी हे या गटातील किड्यांचे मोठे खाद्य होय, आणि ती फक्त याच दिवसांत मिळते. याच गटातील काही जातींची पिल्ले नाकतोड्यांच्या अंगास चिकटून त्यांचे रक्त शोषितात. ज्यास आपण केवळ शोभेचा किडा समजतो तो वाळवी आणि नाकतोडे या दोहोंचा शत्रू आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पावसानंतर प्रथम वनस्पती वाढते. तिच्या मागोमाग ती खाणारे कीटक वाढतात. आणि त्यांना खाणारे कीटक, कोळी, सरडे व पक्षी सर्वांत शेवटी वाढतात, कारण खाद्य उपलब्ध झाल्याखेरीज त्यांची वीण होत नाही. पाने खाणारा आणि त्याला खाणारा यांच्या वाढीत असे काही दिवसांचे वा आठवड्यांचे अंतर राहते. पिकाचे नुकसान होते ते बहुधा याच अंतरात. वाळवंटात पाऊस लहरी असल्याने हे अंतर मोठे, बागायतीत लहान. आपण घाईने आणि सरसकट विषारी औषध मारतो तेव्हा पाने खाणाऱ्यांबरोबर त्यांचे शत्रूही मरतात. पाने खाणारे पुन्हा लवकर वाढतात, कारण त्यांचे अन्न शेतात उभेच असते. शत्रूंना मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अंतर कमी करण्यासाठी केलेला उपाय ते अंतर वाढवून ठेवतो.

हिंगे

बाजरी फुलोऱ्यात आली की काळ्या पंखांवर तांबूस वा नारिंगी पट्टे असलेले हिंगे कणसांवर येतात, फुलोरा व परागकण खातात आणि दाणे भरण्यास अडथळा करतात. थरमध्येही हे होते, आपल्याकडेही होते. शेतकऱ्यास त्यांचा राग येतो, आणि तो रास्त आहे. परंतु त्यांची मादी अंडी घालते ती जमिनीत. त्यांतून निघालेली चपळ अळी माती धुंडीत नाकतोड्यांनी पुरलेल्या अंड्यांच्या पुंजक्यापर्यंत जाते आणि तो पुंजका खाऊन वाढते. टोळाच्या कुळातील इतर जातींची अंडीही तिच्या तडाख्यात सापडतात. बांधावर व पडीक रानात नाकतोड्यांची वीण फार झाली की पुढच्या वर्षी हिंगे जास्त दिसतात, ते याच कारणाने. आणि ज्या वर्षी हिंगे भरपूर असतात त्या वर्षी त्यांच्या अळ्यांनी जमिनीतील किती नाकतोडे जन्मण्यापूर्वीच संपविले, हे कोणी मोजीत नाही.

तेव्हा हिंगे वाचवावे की मारावे? माझे मत असे की, फुलोऱ्यातील बाजरीवर ते दाट असतील तर ते पिकावरून काढलेच पाहिजेत. मात्र बांधावरील रानफुलांवर दिसणाऱ्या हिंग्यांच्या मागे औषध घेऊन लागण्याचे काही कारण नाही. पिकावरील हिंगे सकाळी, ते सुस्त असताना, हातजाळीने पकडून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावे. हात उघडे ठेवू नयेत, कारण त्यांच्या अंगातील द्रव लागल्यास कातडीस फोड येतात. वैरणीत मेलेले हिंगे जाणार नाहीत हेही पाहावे. तो द्रव जनावरांच्या पोटात गेल्यास घातक असतो.

टोळ : जाळ्यातून निसटलेला कीटक

वाळवंटी टोळ हा मूळचा एकलकोंडा, वाळूच्या रंगाचा, रात्री उडणारा आणि बिनउपद्रवी नाकतोडा होय. तोच पुढे थव्याने हिंडणारा टोळ बनतो. एकाच जातीची ही दोन रूपे असतात, हा सिद्धान्त बोरिस उव्हारॉव्ह या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये दुसऱ्या एका जातीच्या टोळावरून मांडला आणि तो वाळवंटी टोळासही लागू ठरला. पाऊस चांगला झाला की एकेकटे टोळ वाढतात. हिरवळ आटू लागली की उरलेल्या हिरव्या तुकड्यांवर ते दाटीने जमतात. मागच्या पायांच्या मांड्यांना एकमेकांचा वारंवार स्पर्श होऊ लागतो, आणि काही तासांतच त्यांचा स्वभाव पालटून ते एकमेकांकडे ओढले जाऊ लागतात. या पालटामागे सेरोटोनिन नावाचे मज्जासंस्थेतील द्रव्य आहे, हे २००९ मध्ये दाखवून देण्यात आले.

टोळास शत्रू नाहीत असे नाही. उलट त्याच्याइतके शत्रू थोड्याच कीटकांस असतील. मादी ओल्या वाळूत १० ते १५ सेंटिमीटर खोलीवर अंडी घालते आणि वरच्या पोकळीत फेस भरते. पिल्लांस बाहेर पडण्यासाठी जी वाट या फेसामुळे मिळते, तीच एका जातीच्या माशीस आत जाण्यास उपयोगी पडते. ती फेसावर अंडी घालते आणि तिच्या अळ्या टोळाची अंडी फस्त करतात. अतिसूक्ष्म गांधीलमाश्या अंड्याच्या आत आपले अंडे घालतात. हिंग्यांच्या अळ्या असतातच. पिल्ले बाहेर येताच मुंग्या त्यांना उचलतात. पंख फुटलेल्या टोळाच्या मागे घारी, कावळे, साळुंक्या व माळढोक असतात. आपल्या रब्बी ज्वारीवर हिवाळ्यात उतरणारी भोरडी, जिला पळसमैनाही म्हणतात, तिची वीण मध्य आशियात होते, आणि तेथे ती पिल्लांना मुख्यतः नाकतोडे व टोळ भरविते. चीनमधील शिंजियांग प्रांतात तर कुरणांवरील टोळांच्या बंदोबस्तासाठी भोरड्यांना मुद्दाम दगडविटांची घरटी बांधून दिली जातात. आपण तिला गोफणीने हाकतो, कारण ती आपल्याकडे येते तेव्हा तिच्यापुढे ज्वारी असते. दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्यांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे.

एवढे शत्रू असताना टोळधाड येतेच कशी? एकलकोंडा टोळ असतो तोवर हे सर्व शत्रू मिळून त्याची संख्या ताब्यात ठेवतात. परंतु अनुकूल पावसात टोळाची संख्या एका पिढीत, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत, वीसपट होऊ शकते. सहा महिन्यांत चारशेपट आणि नऊ महिन्यांत आठ हजारपट. अंडी खाणारी माशी वा हुंगत येणारी मुंगी त्या वेगाने वाढत नाही. त्यातून थवा एकदा उडाला की दिवसाला १५० किलोमीटरपर्यंत जातो आणि आपल्या शत्रूंना मागे टाकून नव्या मुलखात उतरतो. वर वर्णन केलेले अंतर येथे कधीच भरून निघत नाही.

२०१९ व २०२० च्या धाडींचा उगम याच रीतीने झाला. मे २०१८ मध्ये 'मेकुनु' आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये 'लुबान' या चक्रीवादळांनी अरबस्तानातील निर्जन वाळवंटात भरपूर पाऊस पाडला. तेथे पाहणीस कोणी जाऊ शकले नाही आणि टोळांच्या तीन पिढ्या दृष्टीआड वाढल्या. तेथून थवे येमेन व इराणकडे गेले आणि मे २०१९ पासून राजस्थानात आढळू लागले. त्या वर्षी मान्सून लांबल्याने थरमध्येही त्यांची वीण लांबली. राजस्थान व गुजरात मिळून सुमारे ४ लाख हेक्टर क्षेत्रावर नियंत्रणाचे काम करावे लागले. २०२० च्या मे महिन्यात नवे थवे आले तेव्हा थर कोरडे होते. अन्न न मिळाल्याने ते पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकत विदर्भापर्यंत पोचले. ते गुलाबी रंगाचे, म्हणजे अद्याप अंडी घालण्याच्या वयास न आलेले होते. वयात आलेला थवा पिवळाजर्द असतो. हा फरक गावपातळीवरील कार्यकर्त्याने पक्का ध्यानात ठेवावा, कारण पिवळे टोळ उतरले तर त्या जमिनीत अंडी पडण्याचा धोका असतो.

थवा आल्यावर औषध मारू नये असे कोणीही म्हणणार नाही. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. तेथे मुंग्या व पक्षी पुरे पडत नाहीत, तत्काळ नियंत्रणच करावे लागते. प्रश्न आहे तो कोणते औषध, कोठे आणि किती, हा.

मादागास्करमधील अनुभव

आफ्रिकेच्या पूर्वेस असलेल्या मादागास्कर बेटाच्या नैर्ऋत्य भागात पाऊस थोडा व माळराने विस्तीर्ण आहेत. १९९७ ते २००० च्या सुमारास तेथे टोळांची मोठी धाड आली आणि तिच्याविरुद्ध इतर औषधांबरोबर फिप्रोनिलही वापरले गेले. हे नाव आपल्या शेतकऱ्यांस अपरिचित नाही. वाळवी, हुमणी व फुलकिडे यांसाठी ते आपल्याकडेही विकले जाते. फिप्रोनिल फवारलेल्या माळांवर टोळांबरोबर गवत गोळा करणाऱ्या वाळवीची वारुळेही ओस पडली. एवढ्यावर हे थांबते तर फारसे कोणाचे लक्ष गेले नसते. परंतु त्या भागातील दोन जातींचे सरडे आणि काटेरी अंगाचा एक कीटकभक्षक प्राणी यांची संख्याही पुढे घटली. वाळवी हे त्यांचे मुख्य अन्न होते आणि ते नाहीसे झाले होते. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. टोळ निघून गेला तरी जाळ्याचे भोक मागे राहिले.

भारतात १९५० ते १९७० च्या दशकांत टोळांवर बी.एच.सी.ची भुकटी धुरळीत असत. तिचा अंश जमिनीत व प्राण्यांच्या चरबीत दीर्घकाळ राहतो असे दिसून आल्यावर १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. सध्या टोळ नियंत्रणासाठी मुख्यतः मॅलॅथिऑन अत्यल्प प्रमाणात, बारीक तुषारांनी फवारतात. त्याचा अंमल लवकर ओसरतो. तरीही ते सर्वच कीटकांस मारते, तेव्हा थवा जेथे बसला आहे तेवढ्याच जागेवर ते मारणे हे महत्त्वाचे. फक्त टोळाच्या कुळास रोगी करणारी एक बुरशीही तयार स्वरूपात मिळते व सोमालियात २०२० मध्ये तिचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. तिचा परिणाम दिसण्यास दिवस लागतात. त्यामुळे उभ्या पिकावर उतरलेल्या थव्यापेक्षा माळावरील पिल्लांसाठी ती योग्य.

गावपातळीवरील काम

आपल्याकडे टोळ क्वचित येतो. म्हणून वरील गोष्टींचा रोजचा उपयोग टोळापेक्षा माळरानाच्या व बांधाच्या बाबतीत अधिक आहे. नाकतोडे दिसले म्हणून गायरान फवारू नये. हिंग्यांच्या अळ्या, मृगाचे किडे आणि वाळवी यांचे घर तेच असते. शेतातील फवारणीही कीड मोजून, नुकसानीच्या पातळीस पोचली असेल तरच, आणि शिफारस केलेल्या मात्रेत करावी. बांधाची पट्टी शक्यतो मोकळी सोडावी.

टोळ आलाच, तर डबे व थाळ्या वाजवून तो आपल्या शेतातून उठतो व शेजाऱ्याच्या शेतात बसतो, मरत नाही. पिकाच्या बचावासाठी आवाज करावा, पण संध्याकाळी थवा कोणत्या शिवारात, कोणत्या झाडांवर उतरला याची पक्की खबर तालुका कृषी कार्यालयास त्याच रात्री देणे अधिक मोलाचे. रात्री ते गारठून निश्चल बसतात. म्हणून मध्यरात्रीनंतर ते सूर्योदयापर्यंत फवारणी सर्वांत परिणामकारक होते आणि त्या वेळी मधमाश्याही फुलांवर नसतात. फवारलेले टोळ गोळा करून कोंबड्यांस घालू नयेत. न फवारलेले टोळ घालण्यास हरकत नाही. पाकिस्तानातील ओकारा जिल्ह्यात २०२० मध्ये शेतकऱ्यांनी रात्री झाडांवरून असे टोळ गोळा करून कोंबडीखाद्यासाठी विकले होते.

पिवळे टोळ एखाद्या भुसभुशीत, ओल्या जमिनीत शेपटी खुपसून बसलेले आढळले तर ती जागा खुणा रोवून निश्चित करावी व तारीख टिपून ठेवावी. पिकाखालील जमीन नसेल तर ती लगेच नांगरावी. अंडी उन्हात पडून वाळतात आणि पक्षी ती वेचतात. नांगरणी शक्य नसेल तर साधारण दोन आठवड्यांनी पिल्ले निघतील या हिशेबाने भोवती चर खणावा. तत्पूर्वी, आठव्या-दहाव्या दिवशी, त्यांतील चार-पाच ठिकाणी वीतभर खणून अंड्यांचे पुंजके काढून पाहावे. निरोगी अंडी तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, पिवळसर व भरीव असतात. त्यांच्या जागी अळ्या, रिकामी टरफले किंवा काळपट पडलेली अंडी आढळल्यास किती पुंजक्यांत काय मिळाले ते मोजून अहवालात स्वतंत्र ओळीत लिहावे, आणि त्या तुकड्यावर औषधाचा निर्णय होण्यापूर्वी तो अहवाल तालुक्यास पोचेल असे करावे.